मनाच्या रणभूमीवरील संत ऑगस्टीन

जुन्या गोव्यातील होली हिलवर जांभ्या दगडाचा एक भग्न मनोरा उभा आहे. बॉम जीझसची बॅसिलिका पाहून झाल्यावर मुंबई-पुण्याचे पर्यटक पाय मोकळे करीत तेथपर्यंत जातात, पार्श्वभूमीला मनोरा घेऊन छायाचित्रे काढतात आणि परततात. हा अवशेष आहे ऑगस्टिनियन संघाच्या १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या चर्चचा. १८३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा ढासळला. ज्याच्या नावाने हा मनोरा ओळखला जातो, तो ऑगस्टीन कोण होता, हे मात्र त्याच्या सावलीत उभे राहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

संतचरित्रे वाचताना आपली एक सोयीस्कर समजूत झालेली असते. संत हा जन्मतःच निर्मळ असतो, मोह त्याच्या वाटेला जात नाही, आणि गेलाच तर एका तडाख्यात भस्म होतो. ऑगस्टीनचे चरित्र ही समजूत मोडून काढते. काम, लोभ, कीर्तीची हाव, असत्य या सगळ्यांची चव घेतलेला हा माणूस वयाच्या बत्तिसाव्या वर्षी बदलला. आणि बदलल्यानंतरही आपल्या मनात काय काय शिल्लक आहे, हे त्याने बिशपपदावर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. षड्रिपूंशी झुंजणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाला हे चरित्र जवळचे वाटते ते यामुळेच.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरियातील सूक अहरास ते हेच. तेव्हा हा मुलूख रोमन साम्राज्यात होता. वडील पात्रिसियस हे बेताच्या जमिनीचे मालक आणि नगरसभेचे सदस्य. ते जुन्या रोमन देवतांना मानणारे, तर आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. या मोनिकेच्या बालपणातली एक हकिकत ऑगस्टीनने आवर्जून नोंदवली आहे. घरची मंडळी तिला पिंपातून द्राक्षासव काढून आणायला पाठवीत. आणताना ती ओठ ओले करण्यापुरता घोट घेई. त्या थेंबाचा घोट झाला, घोटाचा पेला झाला. एके दिवशी भांडणात दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले, आणि त्या एका शब्दाने शरमलेल्या मुलीने ती सवय कायमची टाकली. लहानशा सवलतीतून सवय कशी जन्मते, याचा हा पहिला धडा ऑगस्टीनला घरातच मिळाला होता.

त्याचा स्वतःचा पहिला धडा सोळाव्या वर्षीचा. मदौरा येथील शिक्षण संपले होते आणि पुढे कार्थेजला पाठविण्याइतके पैसे वडिलांपाशी नव्हते. ते वर्ष रिकामपणात गेले. एका रात्री उनाड मित्रांच्या टोळक्यासह त्याने शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे झोडपून नेली. भूक नव्हती, फळे विशेष गोडही नव्हती आणि घरी त्याहून चांगली होती. बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, बिशप झाल्यावर, या क्षुल्लक चोरीवर त्याने पानेच्या पाने लिहिली. वाचकाला प्रथम हे अतिरेकी वाटते. परंतु त्याचा प्रश्न खोल होता. गरज नसताना, लाभ नसताना, केवळ निषिद्ध आहे म्हणून एखादी गोष्ट माणसाला हवीशी का वाटते? आणि एकटा असता तर जे केले नसते, ते सोबतीच्या हास्यासाठी तो का करतो? पाप हे वस्तूत नसून वळलेल्या इच्छेत असते, हे सूत्र त्याला त्या नासपतींपाशी सापडले.

रोमानियानस या धनिकाच्या मदतीने ऑगस्टीन कार्थेजला पोहोचला. नाट्यगृहे, मित्र, वक्तृत्वातील यश आणि महानगराचे मोकळे वातावरण यांत तो रमला. तेथे एका स्त्रीशी त्याचे सहजीवन सुरू झाले. सामाजिक दर्जामुळे विवाह शक्य नव्हता, मात्र जवळपास पंधरा वर्षे तो तिच्याशी एकनिष्ठ राहिला. इ.स. ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अदेओदातस, म्हणजे आपल्याकडचा देवदत्तच. त्या स्त्रीचे नाव मात्र ऑगस्टीनने कोठेही लिहिलेले नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हाती सिसेरोचा ‘हॉर्टेन्शियस’ हा ग्रंथ आला. आज तो लुप्त झाला आहे. धन आणि कीर्तीपेक्षा ज्ञानाचा शोध श्रेष्ठ, हा विचार त्या तरुणाच्या मनात ठिणगीसारखा पडला. त्याने बायबल उघडले, पण त्या काळच्या लॅटिन भाषांतराची ओबडधोबड भाषा या वक्तृत्वाच्या विद्यार्थ्याला रुचली नाही. तो मानी पंथाकडे वळला. तिसऱ्या शतकात इराणच्या साम्राज्यात होऊन गेलेल्या मानीची शिकवण अशी की विश्वात प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे झगडत आहेत. माणसाच्या हातून पाप घडते तेव्हा ते त्याच्यातले अंधाराचे तत्त्व करते, त्याचा खरा आत्मा निर्दोषच असतो. नऊ वर्षे ऑगस्टीन या पंथात होता. पुढे त्याने कबूल केले की या शिकवणीचे आकर्षण तिच्या सोयीत होते. दोष आपला नाही, असे म्हणता येण्याची ती सोय होती. आजही आपण परिस्थितीला, संगतीला किंवा स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो, तेव्हा याच वाटेने चाललेले असतो.

इ.स. ३८३ मध्ये मानी पंथाचा नामांकित उपदेशक फॉस्टस याच्याशी त्याची भेट झाली. इतरांनी न सोडवलेल्या शंका हा सोडवील, अशी आशा होती. माणूस गोड बोलणारा आणि प्रामाणिक निघाला, पण त्याच्यापाशी उत्तरे नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टीनने रोमला जायचे ठरविले. आई किनाऱ्यापर्यंत मागे आली, तेव्हा मित्राला निरोप देण्याची सबब सांगून त्याने तिला रात्री संत सिप्रियनच्या स्मारकमंदिरात थांबविले आणि स्वतः जहाजात बसून निघून गेला. ती रात्रभर प्रार्थना करीत होती. सकाळी किनारा रिकामा होता.

रोमच्या शहराधिपती सिमॅकसच्या शिफारशीने इ.स. ३८४ मध्ये ऑगस्टीनला मिलान येथे वक्तृत्वाच्या प्राध्यापकाचे राजमान्य पद मिळाले. सम्राटाचा दरबार तेव्हा मिलानला असे. तिशीतल्या आफ्रिकी तरुणाच्या दृष्टीने हे यशाचे शिखर होते. तेथेच त्याने बिशप अंब्रोज यांची प्रवचने ऐकायला सुरुवात केली. प्रारंभी हेतू फक्त वक्तृत्वशैली पारखण्याचा होता. पण शब्दांसोबत अर्थही आत शिरू लागला. ज्या बायबलला त्याने गावंढळ ठरविले होते, त्याचा गूढार्थ अंब्रोज उलगडत होते. प्लेटोच्या परंपरेतील ग्रंथांनी त्याला हे पटवले की दुष्टता हे स्वतंत्र तत्त्व नव्हे, ती चांगुलपणाची उणीव आहे. बुद्धीच्या पातळीवरचे अडथळे एकामागून एक दूर झाले. आता मान्य न करण्यास कारण उरले नव्हते. तरीही जीवन बदलेना.

याच सुमारास मोनिका मिलानला आली आणि एका प्रतिष्ठित घरातील मुलीशी त्याचा विवाह ठरला. मुलगी विवाहाच्या कायदेशीर वयाला जवळजवळ दोन वर्षांनी कमी होती, म्हणून थांबावे लागणार होते. या विवाहासाठी इतक्या वर्षांच्या सहचारिणीला आफ्रिकेला परत पाठविण्यात आले. मुलगा वडिलांपाशी राहिला. दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. ऑगस्टीनचे हृदय जखमी झाले, आणि तरीही दोन वर्षांची वाट न पाहवून त्याने दुसरी स्त्री जवळ केली. ज्या स्त्रीला टाकले तिने जो संयम पाळला, तो आपल्याला पाळता आला नाही, ही नोंद त्याने स्वतःच केली आहे. या प्रकरणात सर्वाधिक किंमत कोणी मोजली, हे वाचकाला सांगावे लागत नाही.

या काळातील मनःस्थितीचे त्याने केलेले विश्लेषण आजच्या मानसशास्त्रज्ञांनाही विचार करायला लावते. वाकड्या इच्छेतून वासना निर्माण होते, वासनेपुढे मान तुकवीत गेले की सवय जडते आणि सवयीला विरोध केला नाही की ती गरज बनते. कडीत कडी अडकून साखळी होते आणि तिने बांधलेला माणूस ती आपणच घडविली हे विसरतो. त्याला शुद्ध जीवन हवे होते, पण आजच नको होते. त्याची एक इच्छा दुसऱ्या इच्छेविरुद्ध उभी होती, आणि दोन्ही त्याच्याच होत्या. मानी पंथाची पळवाट आता बंद झाली होती.

एकट्या निश्चयाचे बळ किती तोकडे असते, याचे उदाहरण त्याचा जिवलग मित्र अलिपियस याच्या रूपाने समोरच होते. हा सच्छील तरुण रोममध्ये असताना मित्रांनी त्याला ओढून ग्लॅडिएटरांच्या झुंजीला नेले. देह न्याल, मन नेऊ शकणार नाही, अशा आत्मविश्वासाने तो डोळे मिटून बसला. प्रेक्षकांतून प्रचंड आरोळी उठली आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. रक्त पाहताक्षणी तो त्या उन्मादात सामील झाला. पुढे तो स्वतः इतरांना तेथे नेऊ लागला. स्वतःच्या ताकदीवर विसंबणे हेच त्याच्या पतनाचे कारण ठरले, असे ऑगस्टीनचे निदान होते.

इ.स. ३८६ च्या ऑगस्ट महिन्यात पोंतिशियानस नावाचा दरबारातील अधिकारी या दोघांना भेटायला आला. त्याने इजिप्तमधील तपस्वी संत अँथनी यांची कथा सांगितली. अँथनींचे चरित्र वाचून दोन राजसेवकांनी तत्क्षणी नोकरी सोडल्याची हकिकतही सांगितली. ऑगस्टीन अस्वस्थ झाला. अशिक्षित माणसे स्वर्ग जिंकून नेत आहेत आणि आपण विद्वान चिखलात लोळत आहोत, ही टोचणी त्याला सहन होईना. तो घराच्या बागेत गेला. जुन्या सवयी जणू त्याचे वस्त्र ओढून आपल्याविना कसे जगशील, असे विचारीत होत्या. अखेर अंजिराच्या झाडाखाली तो रडत पडला असता शेजारच्या घरातून एका मुलाचा किंवा मुलीचा गाता आवाज आला. उचल आणि वाच, असे ते मूल पुन्हा पुन्हा म्हणत होते. हा कोणता खेळ असावा हे त्याला आठवेना. त्याने तो ईश्वराचा आदेश मानला, परत येऊन पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील जो उतारा प्रथम दिसला तो वाचला. विलास, मद्य, वासना आणि कलह सोडून ख्रिस्ताला वस्त्रासारखे धारण करण्याचा तो उपदेश होता. पुढे वाचण्याची गरजच उरली नाही. अलिपियसनेही त्याच क्षणी तोच मार्ग धरला. दोघे आत मोनिकेला सांगायला गेले.

त्या दुपारी त्याला नवे ज्ञान मिळाले नव्हते. जे करायचे ते त्याला आधीच ठाऊक होते. करण्याचे बळ मात्र आपल्यातून येत नाही, ते मागावे लागते आणि ते दिले जाते, ही त्याची श्रद्धा झाली. ख्रिस्ती परिभाषेत यालाच कृपा म्हणतात. ठरलेला विवाह आणि प्राध्यापकपद दोन्ही त्याने सोडले. २४-२५ एप्रिल ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलान येथे अंब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन, अलिपियस आणि अदेओदातस या तिघांचा बाप्तिस्मा झाला. परतीच्या वाटेवर ऑस्तिया बंदरात वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मोनिकेने देह ठेवला. इ.स. ३८८ मध्ये ऑगस्टीन आफ्रिकेत परतले. पुढल्या एक-दोन वर्षांत सोळा-सतरा वर्षांचा बुद्धिमान अदेओदातसही गेला.

इ.स. ३९१ मध्ये हिप्पो शहरात (आजचे अन्नाबा) लोकांनी त्यांना चर्चमध्येच धरून धर्मगुरुपद घ्यायला लावले. इ.स. ३९५ च्या सुमारास ते तेथील बिशप झाले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. पापविचार म्हणजे नेमके काय, याविषयी त्यांनी ख्रिस्ताच्या पर्वतावरील प्रवचनावरील भाष्यात एक महत्त्वाचा भेद मांडला. पापाच्या तीन पायऱ्या असतात. प्रथम मनात सूचना येते, मग तिच्यात रुची वाटते आणि शेवटी तिला संमती दिली जाते. सूचना येणे माणसाच्या हाती नसते. रुची वाटली तरी ती आवरता येते. संमती मात्र पूर्णपणे त्याची असते आणि पाप तेथे पूर्ण होते. मनात वाईट विचार आला एवढ्यानेच हताश होणाऱ्या भाविकाला यात दिलासा आहे, आणि विचार तर करतो, कृती कोठे करतो, असे म्हणत मनातल्या मनात संमती देणाऱ्याला इशाराही आहे.

परिवर्तनानंतर सुमारे दहा वर्षांनी त्यांनी ‘कन्फेशन्स’ हा तेरा भागांचा ग्रंथ लिहायला घेतला. संपूर्ण ग्रंथ ईश्वराला उद्देशून केलेली प्रार्थना आहे. त्याच्या दहाव्या भागात बिशप ऑगस्टीन आपल्या त्या वेळच्या मनाची झडती घेतात. जुनी चित्रे जागेपणी निस्तेज असतात, पण स्वप्नात येऊन सतावतात. अन्न सोडता येत नाही, त्यामुळे गरज कोठे संपते आणि जिभेचे लाड कोठे सुरू होतात हे रोज नव्याने ठरवावे लागते. चर्चमधील स्तोत्रगायन ऐकताना अर्थापेक्षा सूरच अधिक भुरळ घालतात. माशी पकडणारी पाल किंवा जाळे विणणारा कोळी दिसला तरी ध्यान भंगते. सर्वांत चिवट म्हणजे स्तुतीची आवड. स्तुतीचा तिरस्कार करतो याचाही माणसाला गर्व होतो! हे सारे लपवून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. पण विजय मिळाला म्हणून युद्ध संपले, असा दावा त्यांनी कधीच केला नाही.

म्हणूनच त्यांनी एकट्याने झुंजण्यावर भर दिला नाही. बिशपच्या घरात सारे धर्मसेवक एकत्र राहत, कोणाचीही खासगी मालमत्ता नसे. जेवण साधे असे. जेवणाच्या मेजावर अनुपस्थित व्यक्तीची निंदा करणाऱ्याने येथे बसू नये, अशा आशयाच्या ओळी कोरलेल्या होत्या. एकदा बिशप मित्रांनीच हा नियम मोडला, तेव्हा या ओळी पुसा, नाही तर मी उठून जातो, असे त्यांनी बजावल्याचे त्यांचे शिष्य व चरित्रकार पोसिडियस यांनी नोंदविले आहे. प्रार्थना, सोबत आणि रोजच्या छोट्या शिस्ती यांना त्यांच्या जीवनात असे स्थान होते.

त्यांच्या विचारांना विरोधही झाला. ब्रिटनहून आलेले तपस्वी पेलॅजियस यांना ‘कन्फेशन्स’मधील एक विनंती खटकली. देवाने जे आज्ञापिले ते करण्याचे बळही देवानेच द्यावे, असा तिचा आशय होता. अशाने माणूस आळशी होईल, देवाने स्वतंत्र इच्छा दिली आहे, तिच्या बळावर सन्मार्गाने चालता येते, असे पेलॅजियस यांचे म्हणणे होते. ऑगस्टीनला स्वतःचे मिलानमधील दिवस आठवत होते. ज्ञान होते, इच्छा होती, तरी पाऊल उचलत नव्हते. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅजियस यांची मते अमान्य केली. तथापि उतारवयात या वादाच्या भरात ऑगस्टीन फार कठोर झाले. बाप्तिस्म्याविना मरणाऱ्या अर्भकांविषयीचे त्यांचे मत आणि कामभावनेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पुढील अनेक पिढ्यांना जाचक ठरली. दोनातिस्त या विरोधी पंथाविरुद्ध राजसत्तेच्या बळाचे त्यांनी केलेले समर्थनही आज पटणारे नाही. मनातील मोह ओळखणाऱ्या त्या तीक्ष्ण नजरेला सत्तेचा मोह तितक्या स्पष्टपणे दिसला नाही, असेच म्हणावे लागते. मात्र अखेरच्या वर्षांत त्यांनी आपले ९३ ग्रंथ पुन्हा तपासून त्यांतील चुका नोंदविणारे स्वतंत्र पुस्तक लिहिले, हेही विसरून चालणार नाही.

इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेले. त्या हादऱ्यातून ‘सिटी ऑफ गॉड’ हा बावीस भागांचा ग्रंथ जन्माला आला. पुढे वँडल टोळ्या आफ्रिकेत उतरल्या आणि ४३० मध्ये त्यांनी हिप्पोला वेढा घातला. शहर निर्वासितांनी भरले होते. पंच्याहत्तर वर्षांचे ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे मोठ्या अक्षरांत लिहवून समोरच्या भिंतीवर लावून घेतली. शेवटचे दहा दिवस वैद्याच्या भेटी आणि जेवणाच्या वेळा सोडून कोणी आत येऊ नये, असे सांगितले. ते एकटे पडून ती स्तोत्रे वाचीत आणि रडत. चाळीस वर्षे लोकांना पापक्षमेचे आश्वासन देणाऱ्या त्या बिशपने शेवटी स्वतःसाठीही तेच मागितले. २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्र नव्हते, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. होता तो फक्त ग्रंथसंग्रह, आणि तो जपावा एवढीच त्यांची सूचना होती.

ख्रिस्ती पंचांगात २८ ऑगस्ट हा ऑगस्टीन यांचा स्मृतिदिन आहे. त्याच्या आदला दिवस मोनिकेचा. ज्या आईला मुलाने किनाऱ्यावर फसवून एकटे सोडले होते, तिच्यापाठोपाठ आता दरवर्षी तो येतो.